आयर्लंड उजव्या हाताला: राउंड आयर्लंड शर्यतीत पहिल्यांदा उतरणाऱ्या क्रूसाठी

शिडाच्या बोटींच्या या शर्यतीचा मार्ग एका वाक्यात मावतो. आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या विकलोहून निघायचं, आयर्लंड आणि त्याची सगळी बेटं उजव्या हाताला ठेवायची आणि विकलोला परत यायचं. रॉकॉल तेवढं वगळलं आहे. किनाऱ्यापासून 400 किलोमीटरहून दूर, अटलांटिकमध्ये एकटाच उभा असलेला तो खडक. त्यावर हक्क कोणाचा हा वाद वेगळा. पण तोही उजवीकडे ठेवायचा म्हटलं असतं तर शर्यत आणखी कित्येक दिवस लांबली असती.

विकलो सेलिंग क्लबने 1980 मध्ये ही शर्यत सुरू केली. दर दोन वर्षांनी, सम वर्षी, जूनमध्ये ती भरते. अंतर सुमारे 704 समुद्री मैल. 2016 साली ‘मुसंदम ओमान सेल’ या तीन सांगाड्यांच्या बोटीने ते साडेअडतीस तासांच्या आसपास कापलं. तुम्ही ज्या 35 ते 40 फुटी बोटीवर असाल तिला पाच-सहा दिवस लागतील. हे पाच-सहा दिवस डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा. एका दिवसाच्या शर्यतीत जे चालून जातं, ते तिसऱ्या रात्री चालत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: नवा माणूस वेगाची काळजी करतो, आणि शर्यत हातची जाते ती झोपेमुळे आणि भरती-ओहोटीमुळे. म्हणून या लेखातली निम्मी जागा त्या दोघींना दिली आहे.

पायरी 1: बोट शोधा, पण आधी एक रात्र समुद्रात काढा

स्वतःची बोट असण्याची गरज नाही. शिडाच्या बोटी शिकवणाऱ्या काही संस्था शर्यतीसाठी पैसे घेऊन जागा देतात. खासगी बोटींचे स्किपर, म्हणजे कप्तानही, अनेकदा क्रूच्या शोधात असतात. अडचण जागेची नसते, तुमच्याबद्दलच्या विश्वासाची असते. ‘मला पोहता येतं आणि उत्साह आहे’ हे ऐकून कोणी रात्री दोन वाजता सुकाणू हातात देत नाही.

तो विश्वास कमवायची एक शिडी तयारच आहे. आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यामधल्या आयरिश समुद्रात इसोरा नावाची संघटना हंगामभर शर्यती भरवते. त्यात आयर्लंडचं डन लिअरी आणि समोर वेल्सचं होलीहेड यांच्या दरम्यानच्या शर्यती असतात, काही रात्रभर चालणाऱ्याही. त्यातल्या दोन-तीन करा. मग विषम वर्षी डन लिअरीहून डिंगलपर्यंतची सुमारे 275 मैलांची शर्यत असते, ती करा. राउंड आयर्लंडचा पहिला टप्पा जवळजवळ तोच रस्ता आहे, त्यामुळे आग्नेय टोकाचा टस्कर रॉक आणि नैऋत्येचा फास्टनेट हे दीपस्तंभांचे खडक तुमच्या ओळखीचे होतात. त्यानंतरच्या वर्षी विकलो.

बोट बघायला गेलात की आधी झोपायच्या जागा मोजा. वेगाचे आकडे नंतर. आठजणांचा क्रू आणि खवळलेल्या समुद्रात खरोखर झोपता येईल अशा तीनच बंक, असं असेल तर गोड बोलून दुसरी बोट शोधा. स्किपरला विचारा, लाइफराफ्टचं, म्हणजे फुगवायच्या बचाव-तराफ्याचं, शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं? उत्तर द्यायला त्याला किती वेळ लागतो, त्यावरून बरंच कळतं.

पायरी 2: कागदपत्रं आणि पाण्यात एक उडी

समुद्रातल्या शर्यतींना वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेचे सुरक्षा नियम लागू असतात. शर्यत किनाऱ्यापासून किती दूर जाते आणि किती दिवस चालते, त्यानुसार त्यांचे वर्ग पडतात. आपल्या वर्षाच्या शर्यतीला कोणता वर्ग लागू आहे ते तिच्या सूचनापत्रात पाहा. मागच्या खेपेच्या आठवणीवर जाऊ नका. क्रूपैकी ठरावीक जणांकडे सागरी बचावाच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि बहुधा त्याच क्रूने त्याच बोटीवर आधी काही मैल केलेले असावे लागतात.

बचावाचा तो कोर्स मात्र सक्ती नसली तरी करा. तलावात लाइफजॅकेट फुगवून उलट्या लाइफराफ्टला सरळ करताना एक गोष्ट कळते, जी वाचून कळत नाही: आत चढणं किती अवघड असतं. तेही कोमट पाण्यात आणि लाटांशिवाय. जूनमध्ये आयर्लंडभोवतीचं पाणी साधारण 11 ते 14 अंशांचं असतं. पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही, आणि पोहता येणारा माणूसही त्याच मिनिटात पाणी गिळतो.

एवढे नियम कशासाठी असं वाटत असेल, तर दोन प्रसंग. इंग्लंडहून निघून फास्टनेट खडकाला वळसा घालून परतणारी एक शर्यत आहे; 1979 च्या त्या फास्टनेट शर्यतीत 303 बोटी निघाल्या होत्या. वादळ आलं, 15 खलाशी गेले, फक्त 86 बोटींनी शर्यत पूर्ण केली. आजच्या सुरक्षा नियमांमागे त्या रात्रीची चौकशी आहे. दुसरा प्रसंग त्याच शर्यतीतला, 2011 चा. फास्टनेट खडकाला वळसा घातल्यावर थोड्याच वेळात ‘रॅम्बलर 100’ या बोटीची कील, म्हणजे तळाखालचं वजनदार पातं, तुटली आणि ती पूर्ण उलटली. 21 जण वाचले. त्यातले पाच बोटीपासून दूर वाहत गेले आणि एकमेकांना धरून सुमारे अडीच तास पाण्यात होते. बोट इतक्या झटकन उलटते तेव्हा आत ठेवलेली कोणतीही वस्तू तुमची नसते. अंगावर जे असेल तेच तुमचं. म्हणून पीएलबी, म्हणजे संकटाचा संदेश पाठवणारं खिशातलं यंत्र, स्वतःचं घ्या, स्वतःच्या नावावर नोंदवा आणि लाइफजॅकेटला बांधून ठेवा.

पायरी 3: सामान

एक बॅग, मऊ, बिनचाकांची. वॉटरप्रूफ जाकीट आणि पँट चांगल्या दर्जाचे, बाकी कपडे साधे चालतात, फक्त सुती नकोत. सुती कपडा भिजला की वाळत नाही. जून आहे म्हणून फसू नका. पहाटे चार वाजता पश्चिम किनाऱ्यावर लोकरी टोपी लागते. बूट एक नंबर मोठे, म्हणजे आत जाड मोजे मावतील आणि पडलात तर काढताही येतील. डोक्याला लावायचा दिवा लाल उजेडाचा हवा. पांढरा उजेड कोणाच्या डोळ्यांत गेला की रात्रीला सरावलेली नजर वीस मिनिटं तरी जाते, आणि त्या वीस मिनिटांत तुम्हाला मिळणाऱ्या शिव्या अगदी रास्त असतात.

उलटीची गोळी आदल्या रात्रीच सुरू करा. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. ‘मला लागत नाही’ असं म्हणणारा एकजण प्रत्येक बोटीवर असतो. आमच्या बोटीवर तो मीच होतो, आणि टस्कर ओलांडेपर्यंत बादली सोडून दुसरं काही पाहिलं नाही.

पायरी 4: झोपेचं वेळापत्रक, निघण्याआधी कागदावर

क्रूचे दोन गट करतात आणि ते आळीपाळीने डेकवर राहतात. खलाशांच्या भाषेत याला वॉच म्हणतात. चार तास वर, चार तास खाली ही सर्वांत साधी पद्धत. मला त्याहून बरी वाटते ती सरकती पद्धत: दर दोन तासांनी अर्धाच गट बदलायचा. त्यामुळे डेकवर नेहमी निम्मे लोक असे असतात ज्यांचे डोळे अंधाराला सरावलेले आहेत आणि ज्यांना ठाऊक आहे की मघापासून वारा थोडा डावीकडे सरकलाय. संपूर्ण गट एकदम बदलला की पहिली वीस मिनिटं बोट आंधळी चालते.

आता नियम. बदलीच्या पंधरा मिनिटं आधी उठवायचं, त्याआधी नाही. वर येणारा दहा मिनिटं उशिरा आला, तर ती दहा मिनिटं त्याने दुसऱ्याची चोरली, आणि तिसऱ्या दिवशी बोटीवरची भांडणं नेमकी याच दहा मिनिटांवरून होतात. खाली गेल्यावर गप्पा नाहीत. ओले कपडे काढायचे, काहीतरी गरम प्यायचं आणि आडवं व्हायचं. झोप आली नाही तरी आडवं. पहिल्या रात्री कोणालाच झोप येत नाही. उत्साह असतो, आजूबाजूला दिवे असतात, प्रतिस्पर्धी दिसत असतात. म्हणून नवशिके पहिली रात्र डेकवर जागून काढतात आणि दुसऱ्या रात्री, नेमकं फास्टनेटच्या आसपास जेव्हा डोकं लागतं, तेव्हा निकामी होतात.

बंक वाऱ्याच्या बाजूची घ्यायची. बोट कललेली असताना झोपलेल्या माणसाचं वजनही वरच्या बाजूला हवं असतं. बोटीने बाजू बदलली की तुम्हाला उठून पलीकडे जावं लागेल. त्यावर तक्रार चालत नाही. बंकला लावलेलं कापडी कुंपण नीट बांधा, नाहीतर जाग जमिनीवर येईल.

स्किपर आणि दिशा ठरवणारा नॅव्हिगेटर बहुतेक वेळा वेळापत्रकाच्या बाहेर असतात. नवा माणूस म्हणून तुम्ही त्यांना एक मोठी मदत करू शकता: त्यांना झोपायला पाठवा. चोवीस तास न झोपलेला नॅव्हिगेटर प्रवाहाचा तक्ता एक तास चुकीचा वाचतो, आणि त्याची किंमत पुढच्या पायरीत येते.

पायरी 5: भरती-ओहोटी समजून घ्या

गणित आधी कागदावर करू. बोट पाण्यातून 6 नॉटने, म्हणजे तासाला 6 समुद्री मैलांनी, चालते आहे. प्रवाह 3 नॉटचा. तो पाठीशी असेल तर जमिनीच्या हिशेबाने तुम्ही 9 नॉटने जाता, विरुद्ध असेल तर 3 ने. प्रवाह सहाएक तासांनी दिशा बदलतो. सहा तासांत एक बोट 54 मैल गेली, दुसरी 18. प्रत्यक्षात प्रवाह सहाही तास पूर्ण जोरात नसतो, त्यामुळे फरक एवढा पडत नाही. पण एखाद्या भूशिरापाशी अर्धा तास उशिरा पोहोचलेली बोट पुढच्या बोटीपेक्षा सात-आठ तास मागे पडते, हे या शर्यतीत नेहमीचं आहे. शिडं कितीही नेटकी ओढलीत तरी सात तास भरून निघत नाहीत.

इथे नवशिक्यांना हमखास फसवणारी एक गोष्ट आहे. विकलोच्या दक्षिणेला कोर्टटाउन आहे. तिथे भरती आणि ओहोटीच्या पाण्यात जेमतेम मीटरभराचा फरक पडतो. तक्त्यात तो आकडा पाहून वाटतं, इथे प्रवाह तो काय असणार! उलट असतं. आयरिश समुद्र दक्षिण आणि उत्तर अशा दोन्ही तोंडांनी भरतो आणि रिकामा होतो. कोर्टटाउनजवळचा भाग तराजूच्या काट्यासारखा आहे: तिथे पाणी फारसं वर-खाली होत नाही, पण पलीकडे भरायचं सगळं पाणी तिथूनच वाहत जातं. उत्तरेला बॅलीकॅसलपाशीही हीच गंमत. पाण्याची उंची जरा बदलते, आणि समोर रॅथलिन बेटाभोवती प्रवाह सुसाट धावतो. बेट आणि किनारा यांमधल्या सामुद्रधुनीत तो 5 ते 6 नॉटपर्यंत जातो. म्हणून भरतीच्या उंचीचा तक्ता बाजूला ठेवा आणि प्रवाहाचा नकाशा उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत आकडे वाढतात, अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत उतरतात; शर्यतीच्या तारखा यांपैकी कशात येतात ते महिनाभर आधीच बघून ठेवा.

त्या सामुद्रधुनीतून तुम्हाला जाता येणार नाही, हेही लक्षात असू द्या. सगळी बेटं उजवीकडे म्हणजे रॅथलिनच्या बाहेरून, टोरीच्या बाहेरून, ब्लास्केट बेटांच्या बाहेरून. पहाटे झोपाळलेल्या डोळ्यांना नकाशावर आतला रस्ता फार मोहक दिसतो.

आता या शर्यतीतली सर्वांत सुंदर संधी. उत्तरेकडून येताना रॅथलिनपाशी तुम्ही भरतीच्या सुरुवातीला पोहोचलात, तर प्रवाह तुम्हाला उचलून आयरिश समुद्रात आत नेतो. आयरिश समुद्राच्या मधोमध असलेल्या आयल ऑफ मॅन बेटाच्या पश्चिमेला दोन्ही तोंडांतून येणारं पाणी भेटतं आणि तिथे प्रवाह जवळजवळ मेलेला असतो. जलद बोट त्या पट्ट्यात पोहोचेपर्यंत ओहोटी सुरू झालेली असते, आणि दक्षिणेकडचं पाणी दक्षिणेच्या तोंडाने बाहेर पडू लागतं, म्हणजे पुन्हा तुमच्याच दिशेने. एका पाठोपाठ दोन अनुकूल प्रवाह. चुकलात तर तेच उलट. तेव्हा रॅथलिनची वेळ त्याआधी लागणाऱ्या टोरी बेटापाशी असतानाच मोजायला घ्या. तिथे थोडं जास्त शीड लावून अर्धा तास वाचवण्याला अर्थ आहे. तीच घाई मधल्या निवांत पट्ट्यात करून क्रू थकवण्यात नाही.

प्रवाह विरुद्ध आणि वारा पडलेला, अशी वेळ आली तर नांगर टाका. नियम त्याला परवानगी देतात. फक्त पुढे निघताना नांगर वर घ्यायचा. हलका नांगर आणि भरपूर लांब दोर हाताशी ठेवा, डब्याच्या तळाशी नव्हे. शेजारची बोट शिडं फडफडवत मागे मागे जातेय आणि आपण जागच्या जागी उभं राहून पुढे निघालोय, याची मजा वेगळीच.

पायरी 6: किनारा भागाभागांनी ओळखा

निघाल्यावर पहिला प्रश्न अर्कलो बँक, म्हणजे किनाऱ्याला समांतर पसरलेली वाळूची लांबलचक रांग. 2004 मध्ये तिच्यावर 7 पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यामुळे ती ओळखायला सोपी. तिच्या आतून जायचं की बाहेरून, हे प्रवाह आणि वारा पाहून निघण्याआधीच ठरवून ठेवा.

टस्कर रॉकपासून फास्टनेटपर्यंत बहुधा नैऋत्येचा वारा तोंडावर असतो. बोट आपटत राहते, स्वयंपाक होत नाही, आजारी पडणारे इथेच पडतात. फास्टनेटचा 1904 पासून जळणारा दीपस्तंभ 54 मीटर उंच आहे आणि दर पाच सेकंदांनी एक झोत टाकतो. अमेरिकेला निघालेल्या लोकांना आयर्लंडची शेवटची दिसणारी खूण म्हणून त्या खडकाला ‘आयर्लंडचा अश्रू’ म्हणत. तुम्हाला तिथे रडू आलं तर ते बहुधा झोपेअभावी.

मिझन हेड ओलांडून उत्तरेला वळलात की सगळं बदलतं. प्रवाह सौम्य होतात आणि अटलांटिकची लांब लाट सुरू होते. स्केलिग मायकल हा बेटवजा खडक पाण्यातून 218 मीटर वर उठलेला दिसतो. तिथे शेकडो वर्षांपूर्वी भिक्षू दगडी झोपड्यांत राहत होते. बघा, फोटो काढा आणि मग किनाऱ्यापासून दूर सरका. अकिल बेटावर क्रोहॉनचा डोंगर 688 मीटरचा आहे. अशा कड्यांच्या आडोशाला वारा एक तर मरतो किंवा अंगावर कोसळतो, आणि कड्यावर आपटून परतणारी लाट बोटीला गोंधळवते. या भागात निवाऱ्याची बंदरं कमी आहेत. डिंगल, किलीबेग्ज अशी नावं आणि कोणत्या वाऱ्यात तिथे शिरता येईल, याची यादी आधीच करून ठेवा. घाबरून शोधलेलं बंदर बहुतेक चुकीचं असतं.

आणि मग आयरिश समुद्रातला परतीचा रस्ता. उरलेले मैल मोजके, वारा बेभरवशाचा. पाच दिवसांत न आलेला कंटाळा इथे येतो.

पायरी 7: हवामान ऐकायची सवय

आयर्लंडच्या हवामान खात्याचा, म्हणजे मेट एरनचा, सागरी अंदाज भूशिरांच्या नावांनी सांगतात: मिझन हेडपासून स्लाइन हेडपर्यंत असं, स्लाइन हेडपासून एरिस हेडपर्यंत तसं. सुरुवातीला ती नावांची जपमाळ वाटते. पण तीच नावं तुमच्या मार्गावरची आहेत, म्हणून क्रमाने पाठ करा. विकलो हेड, कार्नसोर, हुक हेड, रोचेस पॉइंट, मिझन, व्हॅलेन्शिया, लूप हेड, स्लाइन, एरिस, रॉसन, मॅलिन, फेअर हेड. रात्री रेडिओची खरखर चालू असताना आपल्याला हवा तो तुकडा कानाने आपोआप पकडला पाहिजे. वारा 6 फोर्सचा (वाऱ्याच्या जोराच्या बोफर्ट श्रेणीवर) होणार असेल तर छोट्या बोटींसाठी इशारा येतो, 8 चा असेल तर वादळाचा. कोणत्या इशाऱ्याला कोणतं शीड उतरवायचं, हे बोलून ठेवा. ‘आता शीड आखडावं का?’ असा प्रश्न मनात पहिल्यांदा येतो, ती शीड आखडायची वेळ असते.

खुल्या जागी सगळ्यांना मिळणारा अंदाज वापरायला हरकत नाही. पण किनाऱ्यावर बसलेल्या मित्राने फोनवर ‘जरा पश्चिमेला सरका’ असं सुचवणं ही बाहेरची मदत झाली, आणि ती नियमाबाहेर आहे.

पायरी 8: रात्र

लाइफजॅकेट आणि टेदर, म्हणजे बोटीला अडकवायचा पट्टा, अंधार पडला की काढायचा नाही. जिन्यातून वर येण्याआधी हुक अडकवा, आणि हुक काढायचा तो खाली उतरल्यावर. पुरुषांनी बोटीच्या कडेला उभं राहून लघवी करायची नाही. खाली जा, बसा. हसू येईल, पण समुद्रात माणूस पडण्याच्या कहाण्यांमध्ये हे कारण पुन्हापुन्हा भेटतं. सूर्यास्तानंतर शर्यतीतले एकमेकींना वाट देण्याचे नियम बहुधा बाजूला राहतात आणि टक्कर टाळण्याचे जहाजांचे सर्वसाधारण नियम लागू होतात. सूचनापत्रात वेळ दिलेली असते. टस्कर, फास्टनेट आणि नॉर्थ चॅनल इथे मोठ्या जहाजांचे एकेरी मार्ग आखलेले आहेत. शर्यतीत ते निषिद्ध ठरवले आहेत का, तेही तिथेच पाहा.

जूनमधली रात्र छोटी असते, आणि उत्तरेला तर आकाशाची कडा पूर्ण काळी होतच नाही. तेवढा दिलासा.

पायरी 9: निकाल कसा लागतो

पहिली पोहोचणारी बोट जिंकतेच असं नाही. आयआरसी पद्धतीत प्रत्येक बोटीला एक गुणक असतो, आणि लागलेल्या वेळेला त्याने गुणतात. 0.950 गुणकाची बोट 120 तासांत आली तर तिचे 114 तास धरतात. 1.050 ची मोठी बोट 110 तासांत आली तर 115.5. म्हणजे दहा तास आधी पोहोचूनही ती हरली. 2014 मध्ये सर्वसाधारण विजेती ठरलेली ‘टॅनिट’ ही सिडनी 36 जातीची, क्लबांत सहज दिसेल अशी बोट होती. त्यामुळे बोटींच्या जागा दाखवणाऱ्या ट्रॅकरच्या नकाशावर पुढच्या बोटी पाहून खचू नका.

पायरी 10: शेवटची रेषा

रेषा ओलांडताना वेळ सेकंदासह स्वतः लिहून ठेवा, जीपीएसच्या पडद्याचा फोटो घ्या आणि पुढच्या-मागच्या बोटींचे शिडावरचे क्रमांक टिपा. मध्यरात्री किनाऱ्यावरच्या माणसाला तुमचा क्रमांक दिसेलच असं नाही, म्हणून व्हीएचएफ रेडिओवर आधीच कळवा. धक्क्याला लागल्यावर नियम पाळल्याच्या घोषणापत्रावर सही झाली की नाही हे स्किपरला विचारा. थकलेले स्किपर नेमके तेच विसरतात. शर्यत मध्येच सोडलीत तरी आयोजकांना लगेच कळवायचं, नाहीतर तुमच्या शोधासाठी लाइफबोट निघते.

मग अंघोळ, जेवण, झोप. त्या रात्री गाडी चालवायची नाही.